हे एवढे सोलून झाले की जा

परवा लिफ्टमध्ये प्रकाश भेटला. तिसऱ्या मजल्यावर राहतो. पंचेचाळिशीचा असेल, मुलुंडला एका कारखान्यात वायरमन आहे. दाढी घोटलेली, कपाळाला भस्म, अंगात इस्त्रीचा शर्ट. एरवी संध्याकाळी ह्या माणसाशेजारी लिफ्टमध्ये उभं राहायचं म्हणजे श्वास रोखून धरावा लागतो. परवा साबणाचा वास येत होता. मला म्हणाला, "काका, अजून नऊ दिवस."

कसले नऊ दिवस ते मी विचारलं नाही. श्रावण सुटायला नऊ दिवस. सांगताना त्याचं तोंड असं खुललं होतं, जशी काही त्याला सुटकेची तारीख कळली. त्याचा मजला आला, तो उतरला. मी सातव्यावर गेलो, कुलूप काढलं आणि पिशवी हातात धरूनच खुर्चीत बसलो. पंखा लावायचं सुचलं नाही. हे दिवस मीही असेच मोजलेत. असंच तोंड करून मोजलेत.

श्रावण आला की लोकांना म्हणे पारिजातकाचा वास येतो, उदबत्तीचा येतो. येत असेल. मला वालांचा येतो. कडव्या वालांचा. भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकले की त्यांचा एक हिरवा, कच्चा, थोडा कुबट वास सुटतो. पहिल्यांदा नाक मुरडाल. माझ्या नाकात तो एका श्रावणात बसला तो बसलाच.

शेवंती, माझी बायको, गेल्या माघात गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. सकाळी चहा पीत होती, दुपारी नव्हती. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. लोकांना बोलायला काय जातं. पण एक गोष्ट लिहिली पाहिजे, लाज वाटत असली तरी. ती गेल्यानंतर पंधरा दिवसांत संध्याकाळी सहा वाजता माझ्या जबड्याच्या खाली, कानाजवळ, काहीतरी ओढायला लागलं. तोंडाला पाणी सुटलं. मला आधी कळेना. मग कळलं. तलफ. इतक्या वर्षांनी. मी समजत होतो ती मेली. ती कुठे मरते? शेवंतीला घाबरून दाराबाहेर उभी होती, बाई गेलेली बघून आत आली.

आता ही इमारत आहे तिथेच आमची खोली होती. घाटकोपर, असल्फाचा डोंगर. तेव्हा डोंगर होता, आता नुसतं नाव आहे. खालच्या गल्लीतून बत्तीस पायऱ्या चढून वर आलं की आमचं दार. पत्र्याचं छप्पर, पुढे हातभर ओटा, ओट्यावर पत्र्याच्या डब्यात तुळस. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी असं उतरायचं की चपला हातात घ्याव्या लागायच्या. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. मी मागावरचा माणूस, धागा तुटला की डोळे मिटून सांधणारा. मला साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर उभं केलं. काम वाईट नव्हतं. पण गिरणीत हाताला एक इज्जत होती, इथे नुसती पायाने कळ दाबायची. मी त्यामुळे प्यायलो असं म्हणणार नाही. गिरणी चालू होती तेव्हाही पीत होतो. तेव्हा पगार झाला म्हणून, आता पगार उरला नाही म्हणून. पिणाऱ्याला कारण लागत नाही, संध्याकाळ लागते.

आमच्यात तेव्हा रीत होती, आजही आहे. वर्षभर कितीही प्या, श्रावण पाळायचा. दारू नाही, मटण-मच्छी नाही, कोणी कोणी तर दाढीसुद्धा करायचे नाहीत. आणि महिनाभर बंद ठेवायची म्हणून आदल्या अमावास्येला, गटारीला, महिनाभराची एकदम प्यायची. मी दरवर्षी श्रावण पाळायचो. बाळू पाळायचा. बाळू म्हणजे माझा गिरणीतला जोडीदार, शेजारच्या मागावरचा, संपानंतर माझ्याच वर्कशॉपला लागलेला. श्रावणात बाळू बघण्यासारखा व्हायचा. दर सोमवारी महादेवाला जायचा, धुतलेला पायजमा, शांत चेहरा. त्या एका महिन्यात त्याची बायको केसात अबोलीची वेणी घालायची. आणि आम्ही दोघं छाती पुढे काढून लोकांना सांगायचो, आम्हाला काही सवय नाही, मनात आणलं तर महिना-महिना हात लावत नाही.

ही आमची चूक. आमच्यासारख्यांचीच चूक. ज्याला सवय नाही त्याला महिना पाळावा लागत नाही, आणि तो दिवसही मोजत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला नाल्यात पडावं लागलं.

त्या वर्षीच्या गटारीला मी नाल्याच्या कडेला सापडलो. कोणी उचललं, म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात कसा गेलो, काही आठवत नाही. आठवतो तो तिसरा दिवस. अंग थडथड उडत होतं. भिंतीवरून मुंग्या यायच्या, रांग लावून, आणि मी ओरडायचो की खाट भिंतीपासून ओढा. मुंग्या नव्हत्याच. हात पट्टीने खाटेला बांधले होते. शेवंती पायाशी बसलेली. रडत नव्हती. मला तेव्हा तिचा राग आला होता की ही रडत का नाही.

सहाव्या दिवशी सोडताना डॉक्टर तिच्याशी बोलले. मी डोळे मिटून पडलो होतो, ऐकत होतो. तरुण डॉक्टर, डोळ्यांखाली काळं, बोलता बोलता जांभई द्यायचा. म्हणाला, बाई, गोळ्या वेळेवर द्या, दर आठवड्याला ह्यांना घेऊन या. पण गोळीने सगळं होत नाही. तलफ येणार. रोज येणार, ठरल्या वेळी येणार. ती आली की माणसाला वाटतं आता ही जाणारच नाही. पण ती टिकत नाही. अर्धा तास, फार तर पाऊण तास, मग आपोआप ओसरते. तेवढा वेळ ह्यांना कशाततरी गुंतवा. फिरायला न्या, वाचायला द्या, पत्ते खेळा, झाडांना पाणी घालायला सांगा.

डॉक्टर भला होता. पण त्याला आमचा डोंगर माहीत नव्हता. फिरायला जाऊ तर कुठे? खाली उतरलं की उजवीकडे पिठाची गिरणी आणि तिच्या मागे गुत्ता. माझे पाय तिकडेच वळायचे. पिणं तोंडाने सुरू होत नाही, पायांनी होतं. पत्ते खेळायचे तर गुत्त्याच्याच बाकावर, दुसरीकडे मला कोणी कधी पत्ते खेळताना पाहिलेलं नाही. वाचायचं तर मी तिसरीत शाळा सोडली, पेपरातली एक बातमी वाचायला मला अर्धा तास लागायचा, आणि तीही चोरी-मारामारीची. झाडांचं म्हणाल तर एक तुळस. तिला अर्धा तास पाणी घातलं असतं तर मेली असती.

शेवंती श्रावणात वालाचं बिरडं द्यायची. शिजवलेलं नाही, सोललेले वाल. स्टेशनाकडच्या सोसायट्यांतल्या नोकरीवाल्या बायकांना श्रावणात बिरडं हवं असतं आणि सोलायला वेळ नसतो. ती सकाळी वाल भिजवायची, रात्री फडक्यात बांधून ठेवायची, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मोड यायचे. मग कोमट पाण्यात टाकून एक-एक सोलायचा. सोलून डबे भरून सकाळी पोचवायची. उजव्या अंगठ्याचं नख तिने त्यासाठी वाढवलेलं असायचं, एकच नख. बाकीची कापलेली.

इस्पितळातून आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी भिंतीला टेकून बसलो होतो. सहा वाजले. साकीनाक्याचा भोंगा झाला. जबड्याखाली ओढ लागली. हातापायांना घाम. मी उठलो, शर्ट खुंटीवरून काढला. ती मोरीशी पाठमोरी बसली होती. वळून न बघता म्हणाली, कुठे निघालात. मी म्हटलं, जरा खाली. मला वाटलं आता ही दार अडवेल, पाया पडेल, आकांत करेल, आणि मग मला ओरडायला मिळेल, आणि ओरडलं की जायला सोपं जातं. हा आमचा नेहमीचा खेळ.

तिने दार अडवलं नाही. एक परात उचलली, माझ्यापुढे ठेवली. परातीत पाणी आणि पाण्यात वाल.

"हे एवढे सोलून झाले की जा."

बस. एवढंच. आणि परत आपल्या कामाला लागली. मी चक्रावलो. जा म्हणतेय तिच्याशी भांडायचं कसं? मी शर्ट मांडीवर टाकून बसलो. पहिला वाल उचलला. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबला की सालातून वाल सुळकन निसटायला हवा. माझा हात कापत होता. वाल निसटला तो थेट भिंतीवर जाऊन बसला. दुसरा फुटून दोन डाळी झाल्या. तिसरा सापडेना, पाण्यातच बोटं नुसती कापत राहिली. शेवंती म्हणाली, मोडलेले वेगळे काढा, बायका घेत नाहीत. म्हणजे मोडलेले आम्ही खायचे. पहिले चार दिवस आम्ही भरपूर खाल्ले.

डोक्यात एकच चालू असायचं, हे संपलं की उतरायचं. म्हणून घाई करायचो. घाई केली की वाल मोडायचा. मोडला की राग यायचा. मग मुद्दाम हळू धरायचा, साल कुठे ढिलं आहे ते बोटाने बघायचं, कोंबाच्या बाजूने जरासा दाब द्यायचा. तेवढ्यात एक नीट निघायचा, पांढरा, अखंड. मग पुढचा. कधीतरी मान वर करायचो तर पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा. म्हणजे इतका वेळ तो पडतच होता, मला ऐकू येत नव्हता. परात रिकामी झालेली असायची, बोटं पिळलेल्या कपड्यासारखी सुरकुतलेली, आणि जबड्याखालची ओढ गेलेली. कधी गेली ते कळायचं नाही. मांडीवरचा शर्ट मी परत खुंटीला लावायचो. ती बघायची नाही. बघितलं असतं तर मी बहुतेक गेलो असतो.

हे सांगताना सोपं वाटतंय. सोपं नव्हतं. काही संध्याकाळी परात भिरकावून द्यावीशी वाटायची. एकदा दिलीही. वाल ओट्यावरून खाली पायऱ्यांवर गेले, वाहत्या पाण्यात. शेवंती खाली उतरली, भिजत एकेक वेचून आणले, धुतले, परत परातीत घातले, परत तेच वाक्य. मी सोलले. तिच्या पदरातून पाणी गळत होतं. त्या दिवशी मला तिची भीती वाटली.

आणि खाटेखाली पेटी होती. ते सांगायचं राहिलं. दरवर्षी गणपतीला आम्ही गावी जायचो. तिचा भाऊ कामाने मुंबईत यायचा आणि आम्हाला बरोबर घेऊन जायचा. त्या वर्षी इस्पितळातून आल्याच दिवशी तिने आपली पत्र्याची पेटी भरली. सगळी लुगडी, आईची पितळेची समई, लग्नातला फोटो. मूलबाळ आम्हाला झालं नाही, त्यामुळे एका पेटीत बाई मावते. पेटी खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "भाऊ येईल तोवर प्यालात, तर मी एकटी जाईन. परत यायची नाही." तिने शपथ घातली नाही, आवाजही चढवला नाही. मी ज्या जागी वाल सोलायला बसायचो तिथून त्या पेटीचं कुलूप समोर दिसायचं. जागाही तिनेच दाखवली होती.

वर्कशॉपला परत जायला लागलो तर सुटायच्या वेळी फाटकाशी छत्री घेऊन उभी. सगळे हसायचे. बाळू तर जोरात म्हणायचा, "दत्ताराम, चल, शाळा सुटली, आई आली घ्यायला." मीही हसायचो आणि आतून जळायचो. बाळूचं वाईट वाटायचं नाही. त्याचा श्रावण चालू होता, तोही कोरडा होता, तोही सहा वाजता ओठ चाटायचा. रस्त्याने तो आमच्याबरोबर पायऱ्यांपर्यंत यायचा. जाताना माझ्या कानाशी लागून दिवस सांगायचा. अजून बारा. अजून आठ. अजून पाच.

मीही मोजत होतो, हे कबूल केलं पाहिजे. रोज वाल सोलत होतो, पेटी बघत होतो, आणि तरी मनात कुठेतरी पक्कं होतं की हे सगळं अमावास्येपर्यंत. श्रावण पाळला म्हणजे माझं काम झालं. पुढे कोणी काही बोलायचं नाही. अमावास्या आणि भाऊ येण्याचा दिवस ह्यांच्यात एक संध्याकाळ मोकळी होती. मला वाटायचं, एका संध्याकाळचं काय एवढं. एक नवटाक. तिला वासही येणार नाही, वर बडीशेप खाईन. हे मी वाल सोलता सोलता ठरवलेलं, तिच्या समोर बसून.

इथे थांबलो होतो. मला एक पान लिहायला एक संध्याकाळ लागते, आणि तेच बरं आहे. लिहायला बसलो तेव्हा प्रकाशचे सात दिवस उरले होते. आता अमावास्या झाली. काल त्याच्याकडे पुरणाचा वास येत होता, आज सकाळी जिन्यात त्याची बायको भेटली. तिच्या केसात वेणी होती. मला एकदम बाळूची बायको आठवली आणि मी बोलता बोलता मध्येच निघून आलो. बाईला वाटलं असेल, म्हातारा भ्रमला.

तर ती संध्याकाळ. अमावास्येनंतरची. सहा वाजले. मी शर्ट घातला, बटणं लावली, चपला घातल्या. आज मांडीवर शर्ट वगैरे नाही. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, पायऱ्या चमकत होत्या. खालून बाळूची शीळ आली. गिरणीत मागांच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही, तिथे आम्ही शीळ घालायचो, एक लांब आणि दोन तुटक. तशी. मी दारात. शेवंतीने परात उचलली आणि उंबऱ्यावरच ठेवली.

"हे एवढे सोलून झाले की जा."

म्हटलं ठीक आहे, एवढे दिवस केलं तर आजही करू. आता हात सराईत झाले होते, दहा मिनिटांचं काम. उंबऱ्यावर बसलो, चपला घातलेलेच पाय बाहेर. सोलायला लागलो. बाळूने दुसरी शीळ घातली. मी खाली बघून हात केला, येतो. परात अर्धी झाली. एक वाल, दुसरा, तिसरा. हात पाण्यात घालतोय तर वाल संपतच नाहीत. मला वाटलं आज तलफ जास्त आहे म्हणून वेळ लांबतोय. बाळूची तिसरी शीळ. ती जरा लांबली, मग तुटली. थोड्या वेळाने त्याच्या चपला गल्लीत फटफटत उजवीकडे गेल्या. पिठाच्या गिरणीकडे.

मी मागे वळून बघितलं. शेवंती माझ्या पाठीशी बसली होती, मांडीजवळ मोठं पातेलं, काठोकाठ वालांनी भरलेलं. हातात वाटी. ती वाटी-वाटीने माझ्या परातीत वाल सोडत होती. कधीपासून ते देवाला माहीत. ती पकडली गेली आणि मीही.

एवढे वाल मी त्या महिन्यात कधी पाहिले नव्हते. श्रावण संपला होता, लोक मासे आणायला लागले होते, बिरड्याला कोण विचारतंय?

"एवढे कुठल्या बायकांना द्यायचेत?"

"कोणाला नाही."

"मग?"

"मग काय. सोला."

तिचा आवाज कापला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. तेव्हा मला कळलं की ती रोज कापत होती. इस्पितळात पायाशी बसली होती तेव्हाही, पायऱ्यांवर वाल वेचत होती तेव्हाही. माझे हात सगळ्यांना दिसायचे, तिचं काहीच कोणाला दिसलं नाही. आणि मी बडीशेपेचा विचार करत होतो.

मी पाय आत घेतले. चपला काढल्या. पातेलं दोघांच्या मध्ये ओढलं. दिवा लावायची वेळ झाली तरी ती उठली नाही, अंधुक उजेडात आम्ही बोटांनीच बघत सोलत राहिलो. आमच्या अख्ख्या गल्लीने दोन दिवस बिरडं खाल्लं. एक शेजारीण म्हणाली, गो शेवंते, श्रावण संपलो, आता तरी पुरे कर वाल.

भाऊ आला. आम्ही दोघं गेलो. पेटी एसटीच्या टपावर चढली, अकरा दिवसांनी तशीच परत आली आणि खाटेखाली गेली. कोणाला वाटेल तिने लगेच उघडली, लुगडी मांडणीवर लावली. नाही. गावाला फक्त एक लुगडं काढलं होतं. पेटी शिमग्यापर्यंत भरलेली होती. मी रोज कुलूप बघायचो आणि ती रोज मला काहीतरी सोलायला, निवडायला, ओवायला द्यायची. वाटाणे, चिंच, लसूण, काहीच नसलं तर तांदूळ. इस्पितळात दर आठवड्याला न्यायची ती वेगळी. विश्वास असा पटकन बसत नाही, आणि बसू नये. शिमग्याला होळीच्या दिवशी कामावरून आलो तर समई देवापुढे लावलेली. मी नारळ फोडून दिला.

बाळू पुढच्या श्रावणापर्यंत राहिला नाही. उन्हाळ्यात गेला, पोट फुगून. जाईपर्यंत सांगायचा, मला सवय नाही रे, मी श्रावण पाळतो. मला त्याचं जे लागून राहिलंय ते मरणाचं नाही, त्या तिसऱ्या शिळेचं. तो खाली उभा होता. त्याला एकट्याला जायचं नव्हतं म्हणून तर शीळ घालत होता. मी हात केला, येतो म्हणून. मी म्हणायला हवं होतं, तू वर ये. बत्तीस पायऱ्या होत्या फक्त. पातेलंभर वाल होते. एक ताट आणखी मांडायला काय लागलं असतं? पण मी तेव्हा स्वतःलाच धरून बसलो होतो, दुसऱ्याला धरायला हात मोकळा नव्हता. असं शेवंती म्हणायची, माझी समजूत घालायला. खरंही असेल. तरी शीळ जात नाही.

ती गेल्यापासून मी रोज वाल सोलतो. एकट्या माणसाला किती लागतात? मूठभर. पण परातभर भिजवतो. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलंय. सहा वाजले की बसतो आणि तिच्या आवाजात स्वतःलाच सांगतो. खाली इमारतीच्या तोंडाशी दारूचं दुकान आहे, काचेचं, थंडगार, गुत्त्याची घाण नाही. लिफ्टने एक मिनिट लागतं. पायऱ्या होत्या ते बरं होतं, उतरताना विचार करायला वेळ मिळायचा. काही दिवस परात संपते तरी ओढ राहते. मग मोडलेलेही पुन्हा चिवडत बसतो. आजपर्यंत गेलो नाही. उद्याचं सांगत नाही.

आज साडेपाचलाच मी दोन पराती घेतल्या, मध्ये पातेलं, आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर उतरलो. प्रकाशच्या दारासमोर, लिफ्टच्या बाजूला, फरशीवर बसकण मारली. गुडघे बोंबलत होते. शीळ घालून बघितली, पण पुढचे दात गेल्यापासून नुसती हवा निघते. सहाला पाच कमी असताना त्याचं दार उघडलं. शर्ट, चपला, केस ओले. मागे त्याची बायको, दाराला धरून. सकाळची वेणी अजून केसात होती.

"काय काका, इथे काय बसलात?"

"वाल सोलतोय. हात दे जरा."

"काका, मला जायचंय."

"माहीत आहे कुठे जायचंय ते. मी पण तिकडचाच आहे." मी दुसरी परात त्याच्या पायाशी सरकवली. "हे एवढे सोलून झाले की जा."

त्याने लिफ्टचं बटण दाबलेलं होतं. लिफ्ट आली, दार उघडलं. आत दिवा, आरसा, कोणी नाही. तो उभा राहिला. मी वर बघितलं नाही, शेवंतीने बघितलं नसतं. एक वाल सोलला, दुसरा सोलला. लिफ्टचं दार आपोआप लागलं. वर गेली की खाली, कोण जाणे.

मग फरशीवर कोणी टेकल्याचा आवाज आला आणि पाण्यात हात बुडाल्याचा. पहिला वाल त्याच्या चिमटीतून सुटून माझ्या गुडघ्यावर आपटला. मी म्हटलं, मोडलेले वेगळे काढ.

चपला त्याने काढल्या नव्हत्या. असू देत. मीही तेव्हा घालूनच बसलो होतो.